आयर्लंडमधील समाधिलेख व वंशशोधन

आयर्लंडमधील समाधिलेख व वंशशोधन : आयर्लंडमधील जुन्या दफनभूमींत थडग्याच्या डोक्याशी उभ्या केलेल्या स्मृतिशिलांवरील कोरीव मजकुराच्या आधारे पूर्वजांचा मागोवा घेण्याची पद्धती. अन्यत्र समाधिलेखाचा उपयोग बहुधा लेखी दप्तरास पुरवणी म्हणून होतो. आयर्लंडमध्ये मात्र अनेक कुटुंबांच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचा तो एकमेव उपलब्ध पुरावा ठरतो.

याचे कारण तेथील दप्तराच्या इतिहासात आहे. डब्लिन येथील फोर कोर्ट्‌स या न्यायालयीन वास्तूच्या आवारातील सार्वजनिक अभिलेखागार यादवी युद्धाच्या प्रारंभी, ३० जून १९२२ रोजी, स्फोट व आग यांत भस्मसात झाले. १८२१ ते १८५१ या काळातील चार जनगणनांची बहुतेक घरवार विवरणपत्रे, मृत्युपत्रे आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट पंथाच्या निम्म्याहून अधिक पॅरिशांच्या नोंदवह्या त्यात नाहीशा झाल्या. सर्वच हानीचे खापर या आगीवर फोडण्याचा प्रघात आहे, तो बरोबर नाही. १८६१ व १८७१ च्या जनगणनांची विवरणपत्रे तत्पूर्वीच सरकारी आज्ञेने नष्ट करण्यात आली होती आणि १८८१ व १८९१ ची विवरणपत्रे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेली. त्यामुळे संपूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेली सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची होय. जन्म, मृत्यू व सर्व धर्मीयांचे विवाह यांची मुलकी नोंदणी १८६४ पासून सुरू झाली. कॅथलिक पॅरिशांच्या वह्या स्थानिक चर्चमध्येच असल्याने वाचल्या. परंतु ग्रामीण भागांत त्या पुष्कळदा १८२० नंतरच्या आहेत आणि त्यांत दफनाची नोंद क्वचितच केलेली आढळते. मृत्यूची साक्ष देण्यास मग शिलाच उरते.

दगडावर पितृनाम कोरण्याची प्रथा या देशात प्राचीन आहे. चौथ्या ते सातव्या शतकांतील ऑगम लिपीतील तीनशेहून अधिक शिलालेख आयर्लंडमध्ये सापडले असून त्यांत ‘अमक्याचा पुत्र अमका’ असा संबंध येतो. क्लॉनमॅकनॉइस येथील मध्ययुगीन शिलांवर मृताच्या नावापुढे प्रार्थनेची विनंती आहे. तथापि या लेखांपासून आजच्या कुटुंबापर्यंत अखंड वंशावळ जोडता येत नाही. वंशशोधनास खऱ्या अर्थाने उपयोगी पडणारे लेख अठराव्या शतकापासूनचे आहेत. त्यापूर्वीचे लेख बव्हंशी जमीनदार व धर्माधिकारी यांचे आहेत.

पूर्वजाचे थडगे कोठे शोधावे, हा पहिला प्रश्न असतो. धर्मसुधारणेनंतर जुनी चर्चे व त्यांभोवतालच्या दफनभूमी राजमान्य पंथाच्या ताब्यात गेल्या, तरी कॅथलिक कुटुंबांनी आपल्या वाडवडिलांच्या जागा सोडल्या नाहीत. म्हणून एकाच पडक्या चर्चच्या आवारात दोन्ही पंथांची थडगी शेजारीशेजारी आढळतात. १८२३ मध्ये डब्लिनच्या सेंट केव्हिन दफनभूमीत एका कॅथलिक धर्मगुरूस प्रार्थना म्हणण्यास मज्जाव झाला. त्यावरून क्षोभ उसळला. डॅन्येल ओकॉनेलच्या पुढाकाराने पुढे गोल्डनब्रिज (१८२९) व ग्लासनेव्हिन (१८३२) येथे सर्व धर्मीयांना खुल्या दफनभूमी सुरू झाल्या. ग्लासनेव्हिन येथे पंधरा लाखांवर दफने झाली असून तेथील नोंदवह्या आरंभापासून उपलब्ध आहेत. खेड्यांत अशी सोय नाही. तेथे १८२४–४६ या काळातील भूमापनाच्या मोठ्या प्रमाणावरील नकाशांत जुन्या दफनभूमी शोधाव्या लागतात.

लेखाची रचना ठरीव असली, तरी ती काळजीपूर्वक वाचावी लागते. पुष्कळ लेखांत प्रथम नाव येते ते शिला उभारणाऱ्याचे, मृताचे नव्हे. घाईत वाचणारे येथे हमखास फसतात. त्यापुढे त्याच्या टाउनलँडचा उल्लेख असल्यास तो सर्वांत मोलाचा समजावा. टाउनलँड हा जमिनीचा सर्वांत लहान विभाग असून देशात असे साठ हजारांवर विभाग आहेत. एकाच पॅरिशमध्ये एकाच नावाची अनेक माणसे असली, तर त्यांतील हवा तो माणूस टाउनलँडवरूनच निवडता येतो व १८४७–६४ मधील ग्रिफिथच्या मूल्यांकनातील कुळाशी त्याचा मेळ घालता येतो. विवाहित स्त्रीच्या नावापुढे तिचे माहेरचे आडनाव कोरण्याचीही चाल होती. नोंदवह्या नसलेल्या काळात मातृकुलाचा धागा अनेकदा एवढ्यावरच मिळतो. वयाचा आकडा मात्र अंदाजी मानावा. शिला कित्येकदा मृत्यूनंतर अनेक वर्षांनी बसविली जाई आणि स्वतःचे जन्मवर्ष फार थोड्यांना नेमके ठाऊक असे. मृत व्यक्ती आयुष्यभर आयरिश बोलणारी असली, तरी लेख बहुधा इंग्रजीत असतो. त्यामुळे आडनावातील ‘ओ’ किंवा ‘मॅक’ एका पिढीत गळालेला व पुढच्या पिढीत परत आलेला दिसतो.

दुष्काळाच्या काळात (१८४५–५२) सु. दहा लाख लोक मरण पावले व जवळपास तितकेच देशांतरास गेले. देशांतर केलेल्यांच्या वंशजांना बहुधा ‘आयर्लंड’ एवढेच ठाऊक असते. अमेरिका व कॅनडा येथील जुन्या थडग्यांवर मात्र मूळ काउंटी, कधीकधी पॅरिशही, कोरलेली असते. म्हणून शोधाचा आरंभ परदेशातील दफनभूमीतून करणे इष्ट ठरते. हिंदुस्थानचाही येथे संबंध येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या यूरोपीय पलटणींत आयरिशांचा भरणा मोठा होता आणि मुंबई इलाख्यातील दफनांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठविल्या जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १८८१ मध्ये बाँबे फ्युझिलिअर्स व मद्रास फ्युझिलिअर्स या पलटणी एकत्र करूनच रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स ही पलटण बनविण्यात आली.

या साधनाची मोठी मर्यादा म्हणजे शिला घडविण्याची ऐपत नसलेले लोक त्यात येतच नाहीत. शेतमजुराच्या थडग्यावर अक्षरविरहित ओबडधोबड दगड असे. काउंटी कॉर्कमधील स्किबरीननजीक ॲबीस्ट्रोरी येथे दुष्काळात बळी पडलेले हजारो लोक सामुदायिक खड्ड्यांत नामोल्लेखाशिवाय पुरले गेले. बाप्तिस्म्यापूर्वी मरण पावलेल्या अर्भकांना पवित्र भूमीत जागा नसल्याने ती ‘किलीन’ नावाच्या वेगळ्या जागी पुरीत; त्यांचीही नावे कोठे नाहीत. समाधिलेखांवरून काढलेली वंशावळ त्यामुळे मध्यम व संपन्न शेतकऱ्यांकडे झुकते.

लेख वाचताना तारेच्या ब्रशने शिला घासणे किंवा अक्षरांत खडू भरणे टाळावे. त्यामुळे आधीच झिजलेला चुनखडक व वालुकाश्म आणखी झिजतो. पाटीच्या दगडावरील अक्षरे अधिक टिकतात. सकाळचे किंवा सायंकाळचे तिरपे ऊन, अथवा आरशाने बाजूने पाडलेला प्रकाश, एवढ्याने पुसट अक्षरे उठून दिसतात. पद्धतशीर संकलनाचा आरंभ १८८८ मध्ये मृतांच्या स्मारकांच्या जतनासाठी स्थापन झालेल्या संस्थेने केला. तिच्या नियतकालिकात देशभरचे लेख छापले गेले. १९६६ पासून आर. एस. जे. क्लार्क यांनी काउंटी डाउनमधील लेखांचे खंड प्रसिद्ध केले. जुन्या संकलनांत छापलेल्या कित्येक लेखांतील अक्षरे आता शिलांवर उरलेली नाहीत.