ना-देय दाखला

प्रभूच्या प्रार्थनेतल्या एका शब्दाने मला आयुष्यभर छळले आहे. क्षमेविषयीच्या ओळीत, जुन्या मराठी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, 'पाप' हा शब्द नाही, 'अपराध'ही नाही. 'ऋण' आहे. देवाकडे कर्जमाफी मागायची, आणि तीही आपण आधी दुसऱ्याला दिली आहे असे सांगून! लहानपणी मी ही प्रार्थना पाढ्यांसारखी म्हणून टाकत असे. पुढे बँकेत लागलो, कर्जाच्या फायली हाताळू लागलो, आणि नेमकी हीच ओळ घशात अडकू लागली.

आमचे गाव नेवासे तालुक्यात. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण माझ्या तोंडात नगरच बसले आहे) अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली काम सुरू केले. त्या मिशनच्या शाळांतून शिकून पुढे आलेल्या घरांपैकी आमचे एक. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते प्राथमिक शिक्षक. शेजारी आबा राहत. आबा माळकरी, आषाढीची वारी न चुकवणारे. ते पंढरपूरहून आले की चुरमुरे-बत्ताशांचा पुडा आमच्याकडे येई आणि नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडे जात. दादा चर्चमधल्या मंडळींना 'सलाम' म्हणत आणि आबांना 'रामराम'. यात कोणाला काही विशेष वाटत नसे.

१९७१ साली आबांनी विहिरीवर इंजिन बसवायला एका संस्थेचे कर्ज काढले. जामीन राहिले दादा. दुसऱ्याच वर्षी दुष्काळ. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. विहीर आटली, इंजिन विकले गेले, आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले आणि थकबाकीची वसुली जामीनदाराच्या पगारातून सुरू झाली. दरमहा चाळीस रुपये, साडेचार वर्षे. मास्तरच्या घरात चाळीस रुपये म्हणजे काय, हे आज सांगून कळायचे नाही. आईच्या पाटल्या गेल्या. मला पुण्याला इंजिनिअरिंगला जायचे होते, ते बी.कॉम.वर भागले. या सगळ्या काळात आबांनी चकार शब्द काढला नाही. समोरून दादा दिसले की ते बोळात वळत. लाजेने असेल, आम्हाला ती मग्रुरी वाटली. करंज्या बंद झाल्या.

एका रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होते. भाकरीचे ताट बाकावरून सरकत आले आणि दादांनी त्यातला तुकडा न घेताच ते पुढे दिले. उपासना संपल्यावर ते घरी न येता परस्पर आबांकडे गेले. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने सांगितले आहे की, अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. गंमत पाहा, आपल्या मनात त्याच्याविषयी काही असेल तर, असे नाही. त्याच्या मनात आपल्याविषयी असेल तर! दादांनी ते शब्दशः घेतले. "आबा, माझ्यापायी तुम्हाला तोंड चुकवावं लागतं, ते मला बघवत नाही," असे काहीसे ते म्हणाले म्हणे. आई भडकली. "पैसे आपले गेले, आणि माफी तुम्हीच मागून आलात?" त्या नाताळात तिने करंज्या पाठवल्या, पण मोजून.

आमच्या घरी बायबलच्या खालोखाल मान लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ना. नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या वर्षांची हकीकत वाचताना धर्मचर्चेपेक्षा ती बाई आता कोणाकोणाच्या हातचे खाऊ-पिऊ शकते, हीच गोष्ट मला मोठी वाटते. टिळकांनी १९१७ साली साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांना एकत्र बसता यावे म्हणून. दादा हे सारे रंगवून सांगत आणि मी ऐकत असे. ऐकायला काय जाते?

१९८८ साली मी आमच्या गावापासून दहा-बारा मैलांवरच्या शाखेत अधिकारी म्हणून आलो. एके दिवशी आबांचा धाकटा मुलगा टेबलासमोर उभा. दोन संकरित गाईंसाठी अर्ज. "भाऊ, तुम्ही इथं आहात हे बरं झालं," म्हणाला. कागद नीट लावलेले होते. त्यात त्या जुन्या संस्थेचा ना-देय दाखला होता: या कुटुंबाकडे काही येणे बाकी नाही. नव्हतेच. ते माझ्या वडिलांनी फेडले होते. तो कागद मी दोनदा वाचला.

सातबाऱ्याचा उतारा चार महिन्यांचा जुना होता. एरवी अशा वेळी आम्ही तलाठ्याकडून नवा आणायला सांगून प्रकरण पुढे चालू ठेवत असू. मी लाल शाईने 'त्रुटी' असे लिहून अर्ज परत केला. पंधरा दिवसांनी तो नवा उतारा घेऊन आला, तर म्हणालो, या तिमाहीचे उद्दिष्ट संपले. तेही खरेच होते. तपासनिसाला चूक सापडली नसती. दहा आज्ञांपैकीही मी एक मोडली नव्हती.

गावात अशा गोष्टी लपत नाहीत. दादा तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी मला काहीच विचारले नाही. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी मी गावीच होतो. ताट आले. दादांनी काही न घेता ते माझ्या हातात दिले. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. बाकावरची पुढची माणसे ताटाची वाट पाहत होती. मी ते तसेच पुढे सरकवले.

दुपारी आबांकडे गेलो. कादंबरीत मी तिथे रिकामा गोठा दाखवला असता. प्रत्यक्षात गोठ्यात दोन गाई होत्या. मला हायसे वाटले.

"सावकाराकडून घेतल्या, साहेब," मुलगा म्हणाला. "तीन रुपये शेकडा."

म्हणजे महिन्याला. मी माफी मागायला गेलो होतो, तोंडून निघाले ते, "उद्या शाखेत ये."

"आता घेतलेल्या गाईंवर बँक कसं कर्ज देईल, साहेब?" त्याला नियम माझ्याइतकाच पाठ झाला होता.

पडवीत बसलेल्या आबांना तेव्हा नीटसे दिसत नव्हते. त्यांनी कोण आलंय म्हणून विचारले. सुनेने सांगितले, "मास्तरांचा मोठा." आबा म्हणाले, "मग चहा टाक की."

माफी मी त्या चहानंतर मागितली, अर्धीमुर्धी. सावकाराचे देणे फिटायला त्याला तीन वर्षे लागली आणि त्यात एक गाय गेली. आता दादा नाहीत, आबाही नाहीत. नाताळात गावी गेलो की करंज्यांचा डबा मीच घेऊन जातो. त्याची बायको डबा रिकामा परत करत नाही, त्यात पंढरपूरचे चुरमुरे घालते. भाकड गाईंपासून नातवाच्या परीक्षेपर्यंत आम्ही तासभर बोलत बसतो. तो मला अजून साहेबच म्हणतो.