किल्ली खिशात, इंजिन सुरू : एका सोयीची दुसरी बाजू

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताची राजधानी विनिपेग येथे जानेवारी महिन्यात रात्रीचे तापमान शून्याखाली २० अंशांच्या आसपास असते. कित्येकदा ते उणे ३० पर्यंतही उतरते. अशा थंडीत इंजिनातील तेल घट्ट होते, बॅटरीची शक्ती क्षीण होते आणि काचांवर हिमाचा जाड थर चढतो. मोटारी उभ्या करण्याच्या जागी विजेचे प्लग बसविलेले असतात व रात्रभर इंजिनाचा हीटर त्यांना जोडून ठेवावा लागतो. सकाळी घरातूनच कळ दाबून इंजिन सुरू करणारे उपकरण, म्हणजे रिमोट स्टार्टर, तेथे चैनीची वस्तू मानले जात नाही, हे यावरून सहज ध्यानात यावे. ज्यांच्याकडे ते नसते, त्यांपैकी काहीजण किल्ली गाडीतच ठेवून इंजिन तापत ठेवतात आणि चोराचे काम सोपे करतात.

चोरीचा प्रश्न या शहराला नवा नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात विनिपेगमध्ये मोटारचोरीने गंभीर रूप धारण केले होते. तेव्हा पोलीस, प्रांतिक शासन आणि सार्वजनिक मालकीचे विमा महामंडळ यांनी २००५ पासून एकत्रित मोहीम हाती घेतली. वारंवार गुन्हा करणाऱ्या तरुणांवर बारकाईने देखरेख ठेवण्यात आली, त्यांच्या कुटुंबांना मार्गदर्शन देण्यात आले आणि चोरांच्या विशेष पसंतीच्या जुन्या मोटारींना २००७ मध्ये इमोबिलायझर बसविणे सक्तीचे करण्यात आले. पुढील काही वर्षांत चोऱ्या मोठ्या प्रमाणावर घटल्या. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून कॅनडात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना ही यंत्रणा कारखान्यातच बसविण्याचे बंधन आले. युरोपीय संघात ते १९९८ पासून, तर ऑस्ट्रेलियात २००१ पासून लागू आहे.

येथेच खरी अडचण उद्भवते. योग्य किल्ली समोर आल्याखेरीज इंजिन सुरू होऊ नये, हे इमोबिलायझरचे काम. आणि किल्ली मालकाच्या खिशात असतानाच इंजिन सुरू व्हावे, ही रिमोट स्टार्टरची मागणी!

इमोबिलायझर म्हणजे किल्लीची ओळख पटविणारा पहारेकरी होय. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चिप असते. तिला स्वतःचा सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे वेटोळे असते. त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला क्षणभर वीज मिळते आणि ती आपला सांकेतिक क्रमांक कळविते. तो जुळला तरच इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक इंधन व ठिणगी पुरवितो. न जुळल्यास इंजिन सुरूच होत नाही, किंवा एक-दोन सेकंद धडधडून बंद पडते. या कल्पनेचा एक प्रारंभीचा अवतार १९८६ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट मोटारीत आढळतो. तिच्या किल्लीत विद्युतरोधाचा छोटा तुकडा बसविलेला असे आणि त्याची मूल्ये अवघी पंधरा होती. साहजिकच तो रोध मोजून तेवढ्याच मूल्याचा दुसरा तुकडा जोडला की काम भागत असे. चिप आल्यावर तो सोपा मार्ग बंद झाला.

आता रिमोट स्टार्टर बसविणारा कारागीर इग्निशनच्या तारांना आपले उपकरण जोडतो, तेव्हा किल्ली फिरविण्याची नक्कल होते. ओळख मात्र पटत नाही. ती पटवून देण्यासाठी बायपास नावाचे आणखी एक उपकरण लागते. त्याचे दोन प्रकार प्रचलित आहेत. एकात जादा किल्ली लहान पेटीत ठेवून ती पेटी डॅशबोर्डच्या आत खोल दडविली जाते. पेटीतील वेटोळे रिलेमार्फत इग्निशनच्या वेटोळ्याशी जोडलेले असते आणि रिमोटची कळ दाबल्यावर, फक्त तेवढ्या क्षणापुरतीच, ही जोडणी पूर्ण होते. दुसऱ्या प्रकारात किल्ली ठेवावी लागत नाही. त्या विशिष्ट मोटारीसाठी तयार केलेले उपकरण मोटारीच्या संदेशवाहक तारांवरून संगणकाला आवश्यक ते उत्तर देते.

पहिल्या प्रकारातील रिले हाच साऱ्या सुरक्षिततेचा कणा आहे. काही कारागीर तो खर्च व वेळ वाचवितात आणि चिप कुलपाजवळ चिकटपट्टीने कायमची बांधून टाकतात. त्यानंतर पहारेकऱ्याला ओळखीची किल्ली सदैव समोर दिसते. मग बाजारात घासून घेतलेल्या साध्या किल्लीने, किंवा कुलूप फोडून, कोणीही इंजिन सुरू करू शकतो. मालकाला याची शंकाही येत नाही, कारण गाडी पूर्वीसारखीच चालते. पारखण्याचा उपाय सोपा आहे. चिप नसलेली साधी किल्ली घडवून घ्यावी आणि ती लावून पाहावी. इंजिन चालू राहिले, तर इमोबिलायझर निकामी झाला आहे असे समजावे.

काळजीपूर्वक बसविलेल्या उपकरणात काच फोडून आत शिरलेल्या चोराच्या हाती फारसे काही लागत नाही. किल्लीच्या गाडीत स्टिअरिंग कुलूपबंदच असते आणि किल्ली फिरविण्याआधी ब्रेक दाबला की इंजिन बंद होते. बॉनेट उघडल्यासही तेच घडते. ठरावीक मिनिटांनंतर ते आपोआप थांबते.

हाताने गिअर बदलाव्या लागणाऱ्या मोटारींत मात्र धोका वेगळा आहे. गिअरमध्ये उभी असलेली गाडी रिमोटने सुरू झाल्यास पुढे झेप घेऊ शकते. त्यामुळे अशा मोटारींसाठीच्या उपकरणात उतरण्याचा क्रम ठरलेला असतो : न्यूट्रल करून हँडब्रेक ओढायचा, इंजिन चालू ठेवूनच बाहेर पडायचे, दारे लावायची आणि मग इंजिन बंद होते. नंतर दार उघडले गेले तर रिमोटची आज्ञा मानली जात नाही. बंद गॅरेजमध्ये चुकून कळ दाबली गेली, तर कार्बन मोनॉक्साइड साचून जिवावर बेतते, ही बाब निराळी.

आपल्याकडे थंडीचा प्रश्न नाही, परंतु नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात तापलेली गाडी आधीच थंड करून ठेवण्याची इच्छा कोणालाही होईल. काही नव्या मोटारींत ही सोय कारखान्यातूनच मिळते. बाहेरून ती बसवून घेणाऱ्याने दोन गोष्टी तपासणे इष्ट. गाडी चोरीस गेल्यास विमा कंपन्या सर्वसाधारणपणे दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. त्यांपैकी एक गाडीसोबतच गेलेली असेल, तर दाव्याच्या वेळी उत्तर देणे कठीण होते. दुसरे असे की, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक ठिकाणी उभ्या केलेल्या वाहनाच्या चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती नसेल, तर इंजिन बंद असले पाहिजे. म्हणजे कचेरीच्या खिडकीतून रस्त्यावरची गाडी थंड करता येणार नाही. ती स्वतःच्या आवारातच उभी असावी लागेल.