गिधाडांचा ऱ्हास
भारतीय उपखंडातील गिधाडांच्या संख्येत १९९० नंतरच्या सु. पंधरा वर्षांत झालेली अभूतपूर्व घट. माणसाने एका हेतूने वापरात आणलेले रसायन निसर्गात अनपेक्षित मार्गाने कसे पोहोचते आणि त्याचे परिणाम फिरून माणसालाच कसे भोगावे लागतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

भारतात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. त्यांपैकी पांढऱ्या पाठीचे गिधाड (जिप्स बेंगालेन्सिस), लांब चोचीचे किंवा भारतीय गिधाड (जि. इंडिकस) आणि सडपातळ चोचीचे गिधाड (जि. टेन्युइरोस्ट्रिस) या तीन जातींना सर्वाधिक झळ पोहोचली. १९८० च्या सुमारास पांढऱ्या पाठीचे गिधाड हे जगातील मोठ्या शिकारी व मृतभक्षक पक्ष्यांपैकी सर्वांत विपुल समजले जात असे. गावाबाहेरच्या ढोरफोडीच्या जागी, कत्तलखान्यांच्या परिसरात व उंच झाडांवर त्यांचे थवेच्या थवे दिसत.

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडांची संख्या झपाट्याने घटत असल्याचे बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९९९ मध्ये प्रथम निदर्शनास आणले. देशभरातील पाहण्यांनुसार १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९·९ टक्क्यांनी, तर इतर दोन जातींची मिळून सु. ९७ टक्क्यांनी घटली. २००० मध्ये या तिन्ही जातींची अतिसंकटग्रस्त म्हणून नोंद झाली.

कारणे : आरंभी एखादा साथीचा रोग किंवा कीटकनाशके यांवर संशय घेण्यात आला. मृत पक्ष्यांच्या यकृत, हृदय इ. अंतर्गत इंद्रियांवर यूरिक अम्लाचे पांढरे थर आढळत. हे वृक्क निकामी झाल्याचे लक्षण होय. पण त्याचे मूळ कळत नव्हते. लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेले संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या मृत प्रौढ पक्ष्यांपैकी सु. ८५ टक्के पक्ष्यांत ही विकृती होती आणि त्यांच्या वृक्कांत डायक्लोफिनॅक या औषधाचा अंश सापडला. औषध दिलेल्या जनावरांचे मांस गिधाडांना खाऊ घातल्यावर तीच विकृती होऊन ती मेली, तेव्हा कारण निश्चित झाले.

डायक्लोफिनॅक हे वेदना व सूज कमी करणारे औषध आहे. १९९० नंतरच्या दशकात ते स्वस्त झाले आणि गुरांच्या उपचारांत सर्रास वापरले जाऊ लागले. औषध दिल्यानंतर काही दिवसांतच जनावर मेल्यास त्याचा अंश मांसात शिल्लक राहतो. एका मृत जनावरावर गिधाडांचा मोठा थवा तुटून पडतो. म्हणून एकाच विषारी शवामुळे अनेक पक्षी दगावतात. गणिती प्रतिमानांनुसार दर शंभरांत एकाहूनही कमी शवे विषारी असली, तरी एवढी घट घडून येऊ शकते. भारतातील पाहणीत हे प्रमाण सु. १० टक्के आढळले. शिवाय गिधाड उशिरा प्रजननक्षम होते व मादी वर्षातून एकच अंडे घालते. त्यामुळे झालेली हानी लवकर भरून येत नाही.

परिणाम : गिधाडांच्या जठरातील तीव्र अम्लामुळे काळपुळीसारख्या रोगांचे अनेक जंतू नष्ट होतात. मृत गुरे उघड्यावर टाकण्याची प्रथा असलेल्या देशात सफाईचे हे काम गिधाडे विनामूल्य करीत. ती नाहीशी झाल्यावर शवे कुजत पडू लागली, जलस्रोत दूषित होऊ लागले आणि भटक्या कुत्र्यांना मुबलक अन्न मिळाले. त्यामुळे कुत्रे चावण्याचा व अलर्क रोगाचा धोका वाढला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात, पूर्वी गिधाडे विपुल असलेल्या जिल्ह्यांत मानवी मृत्युमान ४ टक्क्यांहून अधिक वाढल्याचे आणि २००० ते २००५ या काळात सु. ५ लाख अधिक मृत्यू घडल्याचे अनुमान काढले आहे. साफ झालेली हाडे गोळा करून विकणाऱ्यांच्या उपजीविकेसही धक्का बसला. मुंबईतील पारशी समाजाच्या दोखम्यातील अंत्यविधी गिधाडांवर अवलंबून होता. तेथे सूर्याची उष्णता एकवटणारी साधने बसवावी लागली.

संवर्धन : भारत, नेपाळ व पाकिस्तान यांनी २००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना निर्धोक असल्याचे त्याच वर्षी सिद्ध झाले. तथापि माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात. म्हणून २०१५ मध्ये त्या ३ मिलि. च्या एकमात्रा कुपीपुरत्या मर्यादित करण्यात आल्या. गुराच्या शरीरात ॲसिक्लोफिनॅकचे रूपांतर डायक्लोफिनॅकमध्येच होते. २०२३ मध्ये ते व कीटोप्रोफेन या दोहोंच्या पशुवैद्यकीय वापरास बंदी झाली.

हरियाणातील पिंजोर, पश्चिम बंगालमधील राजाभातखावा, आसाममधील राणी इ. ठिकाणी गिधाडांची बंदिस्त पैदास केली जाते. पिंजोर येथील पक्षी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व ताडोबा येथे आणण्यात आले. पांढऱ्या पाठीची गिधाडे झाडांवर, तर लांब चोचीची मुख्यतः कड्यांवर घरटी करतात. म्हणून रायगड जिल्ह्यातील जुने वृक्ष आणि नासिक परिसरातील सह्याद्रीचे कडे यांचे रक्षण महत्त्वाचे ठरते. औषधरहित शवे ठेवून त्यांना सुरक्षित खाद्य पुरविण्याचे प्रयोगही काही ठिकाणी झाले आहेत.

बंदीनंतर घट बरीच मंदावली. पण पूर्वीची संख्या अद्याप परतलेली नाही. पैदास केंद्रांतून सोडलेल्या पक्ष्यांना बाहेर विषारी शवेच मिळाली, तर हे सर्व प्रयत्न व्यर्थ ठरतील. म्हणून गुरांसाठीच्या प्रत्येक नव्या वेदनाशामकाची गिधाडांवरील चाचणी ते वापरात येण्यापूर्वीच होणे, ही संवर्धनाची पहिली अट होय.