साखरेचा रोजमेळ

बँकेत रोजमेळ जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. मधुमेही मुलाच्या घरी हा मेळ रात्रीसुद्धा घालावा लागतो. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला इन्शुलिन टोचले गेले. तो आणखी 13 वर्षे जगला. औषध मिळाले, पण घरी सांभाळायचे कोणी? ते परिचारिका आईला शिकवते. साखर 70च्या खाली गेली, मूल घामाघूम झाले, तर लगेच साखर द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता रुग्णालय गाठा. तापात जेवण सुटले तरी इन्शुलिन पूर्ण बंद करू नका. ‘पोर जेवलं नाही, आज सुई राहू दे,’ ही आजीची माया इथे जिवावर बेतते. म्हणून मला वाटते, या शिकवणीला आईबरोबर आजीलाही बसवावे.