खोडव्याची निगा आणि आईची कंबर



उसाखेरीज दुसरा विषय आम्ही या पानावर सहसा घेत नाही. या वेळी घेणे भाग पडले. मागील हंगामापूर्वी एका गटावर महिला सभासदांचा मेळावा झाला. बेणे प्रक्रियेचे प्रात्यक्षिक आमच्याकडे आणि आरोग्य तपासणी एका डॉक्टरबाईंकडे होती. बहुतेक आयाबायांची तक्रार एकच, कंबर. बाईंनी सांगितले, "आठवड्यातून दोन दिवस वजन घेऊन व्यायाम करा." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एक आजी म्हणाल्या, "उभा जन्म वैरणीचे भारेच उचलतोय की! आणखी कसली वजनं?" खरे सांगायचे तर आम्हीही हसलो.

बाईंनी मग जे समजावले ते मात्र पटले. राबणे वेगळे, ताकद कमावणे वेगळे. भांगलणीत दिवसभर वाकून एकच हालचाल होते. स्नायू थकतो, पण त्याला ना चढते वजन मिळते ना विसावा. व्यायामात वजन बेताबेताने वाढवायचे आणि मध्ये दोन दिवस सोडायचे. त्या विसाव्यातच स्नायू भरतो. तालमीतला पोरगा हे जाणतो, त्याच्या आईला कुणी सांगितलेले नसते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली सर्व प्रौढांना आठवड्यातून किमान २ दिवस असा व्यायाम सांगितला आहे.

लागणीइतकीच खोडव्याची निगा घ्या, असे आम्ही नेहमी सांगतो. तोड झाली की बुडखे छाटा, बगला फोडा, खत द्या. तुलना रांगडी आहे, पण बाळंतपणानंतर आपण काय करतो? बारसे झाले की बाई पुन्हा कळशीला लागते. पोटाचे स्नायू ताणलेले असतात, ओटीपोटाच्या तळाचे सैल पडलेले असतात. त्यातूनच पुढे खोकताना, भारा उचलताना लघवीचे थेंब जातात. हे दुखणे बाया नवऱ्यालासुद्धा सांगत नाहीत, म्हणून येथे उघड लिहितो. लघवी रोखल्यासारखे ते स्नायू आत ओढून ५ आकडे मोजावेत, सैल सोडावेत. असे १० वेळा, दिवसातून ३ वेळा. गुण यायला दोन-तीन महिने लागतात.

वजनाचा व्यायाम बाळंतपणानंतर साधारण ६ आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून सुरू करावा. सिझेरियन झाले असेल किंवा अंग बाहेर येत असेल तर विचारल्याशिवाय नकोच. साहित्य घरचेच. ५ लिटरचा तेलाचा कॅन पाण्याने निम्मा भरला की अडीच किलो झाले. पाठ सरळ ठेवून, गुडघे व खुबे वाकवून, कॅन अंगाजवळ धरून १०-१२ वेळा उचलावा. सहज जमू लागले की पाणी वाढवावे. हात न टेकता खुर्चीवरून ऊठबस, भिंतीला हात लावून जोर. अर्धा तास पुरतो.

पाळी जाण्याच्या सुमारास हाडे झपाट्याने झिजतात, ती झीज याने मंदावते. शिवाय कामाला लागलेला स्नायू रक्तातली साखर खातो, हे साखर कारखान्याच्या पत्रिकेत लिहायला हरकत नसावी.

राहिला वेळेचा प्रश्न. बंधूंनो, तो तुमच्या हातात आहे. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळची धार तुम्ही काढा. आणि शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईला नुसते आमटीचे पाणी उरू नये. डाळ, अंडे, शेंगदाणे, काहीतरी तिच्या ताटात पडू द्या.

त्या आजी परवा गट कार्यालयात भेटल्या. म्हणाल्या, "साहेब, कॅन पुरा भरला. आता पुढचा केवढा घेऊ?" डॉक्टरबाईंना विचारून सांगतो, असे आम्ही म्हटले आहे.