ध्वनिमापनाच्या नोंदी आणि त्यांचे आलेखन

ली लिस्कर आणि आर्थर एब्रॅमसन या दोन अभ्यासकांनी इ. स. १९६४ मध्ये ‘वर्ड’ या नियतकालिकात अकरा भाषांतील पदारंभीच्या स्पर्शव्यंजनांची मापने प्रसिद्ध केली. त्या अकरा भाषांत मराठीचा समावेश होता. व्यंजनाचा स्फोट व स्वरतंत्रींच्या कंपनाचा आरंभ यांमधील कालांतर त्यांनी मोजले. ह्या कालांतरास आपण घोषारंभकाल म्हणू. कंपन स्फोटाच्या आधी सुरू झाले तर हे मूल्य ऋण धरावयाचे, नंतर सुरू झाले तर धन. ह्या एकाच मापाने ‘क’, ‘ख’ आणि ‘ग’ हे वर्ग एकमेकांपासून वेगळे पडतात. मात्र ‘ग’ आणि ‘घ’ वेगळे पडत नाहीत, कारण दोहोंतही कंपन स्फोटापूर्वीच सुरू झालेले असते. हिंदी व मराठी या चार श्रेणींच्या भाषांनी त्या मापाची मर्यादा अशी उघड केली.

त्या काळी हे मापन वर्णपटलेखाच्या कागदावर डोळ्यांनी पाहून होत असे. प्रत्येक आकडा कोणीतरी मनुष्याने प्रत्यक्ष चित्र पाहून लिहिलेला होता. आज पदव्युत्तर विद्यार्थी एका दुपारी वीस वक्त्यांचे ध्वनिमुद्रण यंत्राकडे सोपवितो आणि संध्याकाळपर्यंत लाखभर ओळींची नोंदवही त्याच्या हाती येते. त्यातील एकही ओळ कोणी पाहिलेली नसते. ही सोय मोठी आहे हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते की, पूर्वी जे काम मापनाच्या वेळी डोळा आपोआप करीत असे, ते आता आलेखाकडून मुद्दाम करवून घेतले पाहिजे. मराठीची स्वनमापने आजही संख्येने फार नाहीत. त्यामुळे एखाद्या प्रबंधातील चुकीची सारणी पुढील अभ्यासकांच्या लेखनात दीर्घकाळ उद्धृत होत राहते.

साधनांविषयी थोडक्यात सांगतो. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांची ‘प्राट’ ही प्रणाली आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. तिच्यातून मूलवारंवारतेची यादी काढली की एका स्तंभात वेळ व दुसऱ्यात हर्ट्झमधील मूल्य मिळते. तळमर्यादा ७५ हर्ट्झ धरून कालांतर यंत्रावर सोपविले, तर दर १० मिलिसेकंदांस एक ओळ पडते. ह्या याद्यांचे पुढील संस्करण संख्यागणनाच्या प्रणालीत करावे. क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी रचलेली ‘मॅटलॅब’ ही त्यांतील प्रसिद्ध प्रणाली होय. तिच्याशी बहुतांशी सुसंगत आणि विनामूल्य अशी ‘ऑक्टेव्ह’ आपल्या विभागांच्या ऐपतीस अधिक मानवणारी आहे. स्वरशास्त्राच्या अभ्यासकास हे नाव सप्तकावरून घेतले असावे असे वाटेल, पण तसे नाही. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचे नाव त्यांच्या विद्यार्थ्याने ह्या प्रणालीस दिले आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू. भाषणात सर्वत्र घोष नसतो. ‘ख’च्या महाप्राणात स्वरतंत्री कंप पावत नाहीत, तेव्हा तेथे मूलवारंवारता ही गोष्टच अस्तित्वात नसते. ‘प्राट’ अशा जागी आकडा न देता ‘अन्डिफाइन्ड’ असा शब्द छापते, आणि ते योग्यच आहे. अडचण पुढे येते. ऑक्टेव्हमधील ‘डीएलएमरीड’ ही नोंदी वाचणारी आज्ञा रिकाम्या जागी, तसेच जेथे संख्या नसून शब्द आहे तेथेही, दुसरी सूचना नसेल तर शून्य भरते. ती तक्रार करीत नाही की इशारा देत नाही. ‘येथे मूल्य नाही’ हे विधान ‘येथे मूल्य शून्य आहे’ ह्या विधानात बदलून जाते. व्याकरणाच्या विद्यार्थ्यास हा भेद समजावून सांगण्याची गरज नसावी: शून्य प्रत्यय मानणे आणि प्रत्ययाचा प्रश्नच न उद्भवणे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ह्या बदलाने काय अनर्थ होतो, ते एका कल्पित पण संभाव्य उदाहरणाने पाहू. ‘काल, खाल, घाल’ हे तीन शब्द एका स्त्री-वक्त्याने उच्चारले आहेत. तिन्हींत स्फोटापासून स्वराच्या अखेरपर्यंतच्या ओळी आपण घेतल्या. स्वराचा स्थिर भाग २०० मिलिसेकंदांचा, म्हणजे २० ओळींचा आहे आणि तेथे मूलवारंवारता सर्वत्र २०० हर्ट्झ आहे असे समजू. ‘काल’मध्ये स्फोटानंतर २० मिलिसेकंद घोष नाही, म्हणून २ ओळी रिकाम्या. ‘खाल’मध्ये महाप्राण ८० मिलिसेकंदांचा, म्हणून ८ ओळी रिकाम्या. ‘घाल’मध्ये महाप्राणाच्या ८ ओळी रिकाम्या नाहीत, तेथे श्वासमिश्रित घोष आहे व मूल्य १७० हर्ट्झ आहे. रिकाम्या जागा वगळून सरासरी काढली, तर ‘काल’ २००, ‘खाल’ २०० आणि ‘घाल’ सुमारे १९१ हर्ट्झ येते. सघोष महाप्राणाच्या लगत मूलवारंवारता खालावते, ही आर्यभारतीय भाषांत वारंवार आढळलेली गोष्ट त्यात दिसते. त्याच नोंदींत रिकाम्या जागी शून्ये भरली गेली, तर ‘काल’ची सरासरी सुमारे १८२, ‘खाल’ची १४३ होते आणि ‘घाल’ची १९१ तशीच राहते. म्हणजे ज्या व्यंजनाने मूलवारंवारता खरोखर उतरविली तेच सर्वांत उंच दिसू लागते, आणि ज्याने काहीच केले नाही ते ‘ख’ व्यंजन तिला ५७ हर्ट्झने पाडते असा ‘शोध’ लागतो. ह्या शोधाला प्रमाण विचलन, सार्थकतेची कसोटी आणि सुबक स्तंभालेख जोडता येतो. कसोटी त्यास हरकत घेणार नाही, कारण फरक मोठा आहे आणि प्रत्येक वक्त्यात सारखाच आढळतो.

हा दोष सारणीत लपतो, पण आलेखात क्षणभरही लपत नाही. सरासरी काढण्यापूर्वी वेळ आडव्या अक्षावर व मूलवारंवारता उभ्या अक्षावर घेऊन प्रत्येक उच्चार काढला, तर शून्यावर पडलेली बिंदूंची सपाट रांग पाहताच डोळ्यांत भरते. मानवी कंठ शून्य हर्ट्झने बोलत नाही, हे सांगावयास संख्याशास्त्र लागत नाही.

उपाय सोपा आहे. नोंदी वाचतानाच रिकाम्या जागी ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नव्हे’, हे चिन्ह भरावे, अशी सूचना त्या आज्ञेस देता येते. संगणकातील अंकगणिताच्या १९८५ सालच्या मानकाने हे चिन्ह रूढ केले. त्याचा स्वभाव काहीसा हट्टी आहे. ते ज्या बेरजेत शिरते ती बेरीजही ‘नॅन’ होते. त्यामुळे एका रिकाम्या जागेने साऱ्या स्तंभाची सरासरी नाहीशी होते. ते स्वतःशीदेखील समान नसते, म्हणून बरोबरीच्या चिन्हाने ते शोधता येत नाही. त्यासाठी ‘इजनॅन’ ही वेगळी आज्ञा आहे. विद्यार्थी ह्या हट्टास कंटाळतात आणि पुन्हा शून्याकडे वळतात. वस्तुतः हा हट्ट उपकारक आहे: कोणती जागा वगळली हे आपणांस उघडपणे लिहावयास तो भाग पाडतो. शिवाय आलेख काढताना ‘नॅन’ आले की ऑक्टेव्ह रेषा तेथे तोडते. अघोष भागावरून रेषा ओढली जात नाही आणि चित्र उच्चाराशी प्रामाणिक राहते.

रिकाम्या जागा वगळल्या म्हणजे काम संपले, असेही नव्हे. अनेक उच्चारांचे वक्र एकावर एक ठेवून प्रत्येक क्षणाची सरासरी काढतात, तेव्हा त्या क्षणी किती उच्चारांस मूल्य होते ही संख्या बदलत असते. स्फोटानंतर ३० मिलिसेकंदांवर पाच स्त्रियांचीच मूल्ये असतील आणि ७० मिलिसेकंदांवर त्यांत पाच पुरुषांची मिळतील, तर सरासरीची रेषा तेथे घसरेल. एकाही वक्त्याचा आवाज मात्र उतरलेला नसेल. म्हणून सरासरीच्या वक्राखाली त्या त्या क्षणी उपलब्ध असलेल्या उच्चारांची संख्या लहान आलेखात दाखवावी, असे मी आमच्या विद्यार्थ्यांस आग्रहाने सांगतो. रिकाम्या जागांची ही गणना स्वतःही एक मापनच आहे. घोष कोठे लुप्त होतो, याचा नकाशाच त्यातून मिळतो.

सरासरीचा दुसरा धोका घोषारंभकालात दिसतो. समजा, ‘गाल’ ह्या शब्दाच्या पाच उच्चारांची मापे -११०, -९५, -१०२, १४ आणि १८ मिलिसेकंद अशी आली. सरासरी येते -५५. पाचांपैकी एकही उच्चार -५५ च्या आसपास नाही. वक्त्याने दोन वेगळ्या पद्धतींनी ‘ग’ उच्चारला आहे आणि सरासरीने तिसरीच, कोणीही न उच्चारलेली पद्धत निर्माण केली आहे. लिस्कर-एब्रॅमसन यांनी अमेरिकन इंग्रजीच्या सघोष मानलेल्या व्यंजनांची ऋण व धन मूल्ये सारणीत वेगळी दाखविली, ती ह्याच कारणाने. पाच-पंधरा मापे असतील तर स्तंभालेख काढूच नये. प्रत्येक माप बिंदूने दाखवावे. ऑक्टेव्हमध्ये त्यास एका ओळीची आज्ञा पुरते, आणि कागदही अधिक लागत नाही.

यंत्राच्या स्वतःच्या चुकाही आहेत. श्वासमिश्रित अथवा करकरीत आवाजात मूलवारंवारता शोधताना यंत्र कधी निम्मे तर कधी दुप्पट मूल्य देते. २०० च्या आसपास चाललेला वक्र मध्येच १०० वर येतो व लगेच परततो. वक्त्याच्या सर्व मूल्यांचा वारंवारिता-आलेख काढला, तर मुख्य राशीच्या निम्म्या अंतरावर एक लहानशी रास दिसते. तीच ही चूक. यावर प्रचलित उपाय असा की, प्रथम सैल मर्यादांनी मापन करावे, मग पहिल्या चतुर्थकाच्या ०.७५ पट ही तळमर्यादा आणि तिसऱ्या चतुर्थकाच्या १.५ पट ही वरची मर्यादा धरून त्याच वक्त्याचे पुन्हा मापन करावे. चतुर्थके १८० व २४० असतील तर मर्यादा १३५ व ३६० येतात. दुसरा उपाय सरकत्या मध्यकाने वक्र गुळगुळीत करण्याचा. तो मी जपूनच सुचवितो. मराठीत सघोष महाप्राणाचा परिणाम काही ओळींपुरताच असू शकतो. रुंद खिडकीचा मध्यक चुकीबरोबर ती भाषिक वस्तुस्थितीही पुसून टाकील. केली बर्कसन यांनी २०१३ मध्ये कॅन्सस विद्यापीठास सादर केलेला प्रबंध मराठीच्या ह्याच श्वासमिश्रित घोषाविषयी आहे, आणि त्यात ‘म्ह’, ‘न्ह’ यांसारख्या अनुनासिकांचाही विचार आहे. तेथे स्फोटच नसल्याने भेद शोधावयाचा तो अशाच सूक्ष्म उतारांत. गुळगुळीत केलेला वक्र काढावयाचाच असेल, तर मूळ बिंदू त्याच्या मागे फिकट रंगात ठेवावेत.

स्त्री व पुरुष वक्त्यांची तुलना हर्ट्झमध्ये न करता अर्धस्वरांत करावी, हे सर्वांस ठाऊक आहे. १०० वरून १५० वर जाणे म्हणजे सुमारे ७ अर्धस्वरांची चढण. २०० वरून २५० वर जाणे म्हणजे ४ हूनही कमी. गुणोत्तराचे दोन-आधारी लघुगणक काढून त्यास १२ ने गुणले की झाले.

देवनागरीत नोंदी ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, कारण इंग्रजी मार्गदर्शिकांत ती सहसा आढळत नाही. ऑक्टेव्ह अक्षरे मोजीत नाही, ती साठविणारे बाइट मोजते. ‘ख’ ह्या एका अक्षराची लांबी ती ३ सांगते आणि ‘घर’ ह्या शब्दाची ६. शब्दाचे पहिले अक्षर काढून व्यंजनानुसार ओळी निवडू पाहणाऱ्यास त्यामुळे अक्षराचा तुकडा हाती येतो. याहून फसवा प्रकार आपल्या ‘ऱ’चा आहे. युनिकोडमध्ये त्यास स्वतंत्र स्थान आहे. तथापि ‘र’ व त्याखालील नुक्ता अशा दोन चिन्हांनीही तो लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ते भिन्न आहेत. ‘वाऱ्या’ हा शब्द दोन लेखनिकांनी दोन प्रकारे टंकित केला असेल, तर निवडीच्या आज्ञेत निम्मे उच्चार मुकाट्याने गळतात आणि आलेख उरलेल्या निम्म्यांचाच निघतो. प्रत्येक शब्दास नोंदवहीत एक क्रमांक द्यावा व निवड त्या क्रमांकाने करावी, हा मार्ग निर्धोक आहे.

हे सर्व संस्करण पडद्यावर हाताने न करता लिहिलेल्या आज्ञावलीने करावे. यंत्राने दिलेली मूळ यादी कधीही बदलू नये. वगळलेली प्रत्येक ओळ का वगळली, हे आज्ञावलीतच टिपेच्या रूपाने यावे. प्रबंधाच्या परिशिष्टात ती आज्ञावली जोडण्याचा आग्रह मार्गदर्शकांनी धरावा. आलेखाच्या मथळ्यात वक्त्यांची व उच्चारांची संख्या, मापनाच्या दोन्ही मर्यादा, कालांतर, वगळलेल्या ओळींचे प्रमाण आणि प्रणालीची आवृत्ती एवढी माहिती असावी. ती तीन ओळींत बसते, आणि तिच्या आधारे दुसऱ्या विद्यापीठातील विद्यार्थी तेच ध्वनिमुद्रण घेऊन तोच आलेख पुन्हा काढू शकतो.