झेब्र्यावर खोगीर का चढले नाही?

झेब्रा घोड्याच्याच कुळातला. तरीही तो माणसाळला नाही. माणसाने ४,००० वर्षांहून अधिक काळ पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घोडा शांत, आज्ञाधारक आणि बळकट पाठीचा बनवला. झेब्र्याची निवड मात्र सिंह आणि तरसांनी केली: चाहूल लागताच उधळणारे, कडकडून चावणारे, लाथा झाडणारेच वाचले. एखाद्या झेब्र्याला शिकवता येते. लंडनमध्ये प्राणिशास्त्रज्ञ वॉल्टर रॉथशिल्ड यांनी झेब्रे गाडीला जुंपले. नैरोबीत विसाव्या शतकाच्या आरंभी गोव्याचे डॉ. रोझेंदो रिबेरो झेब्र्यावर बसून रुग्णांकडे जात. पण हे शिक्षण त्या एका जनावरापुरतेच राहते; त्याचे शिंगरू रानटी स्वभाव घेऊनच जन्मते. शिवाय झेब्रा अंगाने लहान असल्याने प्रौढ स्वाराचे वजन त्याला घोड्याइतके पेलत नाही.